तिसरं पाणी

४ जानेवारी

वहिनी,

डबा आला नाही.

नवं वर्ष लागून चार दिवस झाले. पोस्टमन रोज दुकानावरून जातो आणि मी रोज खळीचे हात पुसत दारात उभी राहते. काल तो म्हणाला, "बाई, काही आलं तर मी आपणहून देईन. तुम्ही असं बघू नका, मला अपराध्यासारखं होतं." मी घर सोडून इथे पुस्तकं बांधायला आले त्याला पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत डिसेंबर सरायच्या आत तुझ्या साखरेतल्या संत्र्याच्या सालींचा डबा आला नाही, असं एकदाही झालेलं नाही. दादाचा पाय मोडला त्या वर्षीही आला होता, फक्त झाकणावरची चिकटपट्टी जरा वाकडी होती.

तू रागावलीस का? मागच्या वर्षीचा डबा मिळाल्यावर मी पोस्टकार्डावर लिहिलं होतं, "या वेळी बऱ्याच कडू झाल्यात, वहिनीबाई म्हाताऱ्या झाल्या वाटतं." ती थट्टा होती. कडू होत्या हे खरं, पण थट्टाच होती. एवढ्यावरून डबा बंद करणारी तू नव्हेस, असं मी स्वतःला सांगतेय.

फोन केला तर "बरी आहे" म्हणून तू फोन दादाच्या हातात देतेस, आणि दादाकडून काही काढून घेणं म्हणजे भिंतीशी गप्पा. म्हणून लिहितेय. कागदाला तोटा नाही, वह्यांच्या कडा कापल्या की ढीग उरतो. उत्तर दे. जमलं तर डब्यातून दे.

तुझी,
नणंद

*

११ जानेवारी

वन्सं,

राग कसला? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. तेव्हापासून तुझी थट्टा ऐकतेय, कानाला सवय झालीय.

यंदा संत्री चांगली नाहीत. साल पातळ आहे. शिवाय माझे गुडघे. पाच-सहा दिवस त्या पातेल्याशी उभं राहणं आता होत नाही. बाजारात तयार मिळतात, रंगीत कागदात गुंडाळलेल्या, त्याची एक पुडी सोबत पाठवली आहे. गोड मानून घे.

हे बरे आहेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली. रोज सकाळी जलशुद्धीकरण केंद्रात जातात, तीसएक बाटल्यांतलं पाणी यंत्रावर तपासतात, मग त्यातलं थोडं तोंडात घेऊन बघतात आणि "ठीक" लिहितात. त्यांनी "ठीक" लिहिलं की गावाला पाणी सुटतं. घरीही तेच. जेवायला वाढलं, "कसं झालंय?" म्हणून विचारलं, की "ठीक आहे". एकतीस वर्षं एकच शेरा.

हल्ली मात्र नवीन खूळ डोक्यात शिरलंय. माझ्याआधी उठून दुधाच्या पातेल्यात नाक घालतात. झोपायच्या आधी गॅसची बटणं एकेक चाचपून बघतात. इतकी वर्षं हे स्वयंपाकघर मी चालवलं, तेव्हा त्यांना चमचे कुठे असतात ते माहीत नव्हतं. पाणी तपासता तपासता आता बायको तपासायला लागलेत. जाऊ दे. माणसं वयानुसार बदलतात.

तुझी,
वहिनी

*

१६ जानेवारी

वहिनी,

तुझी ती पुडी मी एक तुकडा खाऊन पोस्टमनला देऊन टाकली. त्याच्याशी आता माझं पटत नाही.

आणि संत्री चांगली नाहीत हे तू कुणाला सांगतेस? तुझ्या मंडईत येतो तोच ट्रक पुढे माझ्या मंडईत येतो. मी काल जाऊन बघितलं. जाड सालीची, तेलकट, नखाने जरा खरवडलं तर सगळ्या गल्लीला कळावं इतकी वासाची संत्री आहेत. डझनभर घेऊन आले. तुझे गुडघे दुखतात ना? माझे धडधाकट आहेत. मी करते. तू फक्त कसं करायचं ते लिहून पाठव.

हसू नकोस. जी बाई दोनशे वर्षांपूर्वीचं पान ओलं करून, सुकवून, फाटलेलं जोडून परत पुस्तकात घालते, तिला संत्र्याची साल जमणार नाही का?

तुझी,
नणंद

*

२१ जानेवारी

वन्सं,

साली चार फाकांत काढायच्या, आतला पांढरा भाग ठेवायचा. पाण्यात उकळायच्या, ते पाणी टाकून द्यायचं. असं तीनदा. कडूपणा गेला की साखरेच्या पाकात घालायच्या. रोज थोडा वेळ पाक आटवायचा. चार दिवसांनी काढून जाळीवर वाळवायच्या, साखरेत घोळवायच्या.

एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वहिनी

*

३० जानेवारी

वहिनी,

चामडं झालं.

थट्टा नाही. खरोखरचं चामडं. एक तुकडा मी दुकानातल्या कातड्यांशेजारी ठेवला, तर गिऱ्हाईकाने उचलून विचारलं, "हे कुठलं?" तीन पाण्यांचा मला कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. एक पाणी टाकलं, साली अजून टणक होत्या, म्हटलं पुढे पाकात होतील मऊ. पाकात जितक्या शिजवल्या तितक्या आणखी टणक होत गेल्या. चार दिवस. खालच्या मजल्यावरचा चांभार म्हणतो टाचेला लावून देतो.

तुझं ते सात ओळींचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात सगळं आहे आणि काहीच नाही. "कडूपणा गेला की" म्हणजे काय? कळतं कसं? "थोडा वेळ" म्हणजे किती? मला आठवतं, तू पातेल्याशी उभी असायचीस आणि मध्येच, कुणी हाक मारल्यासारखी वळून गॅस बंद करायचीस. घड्याळाकडे बघितलेलं मी तुला कधी बघितलं नाही. तेव्हा तुला काय कळायचं? ते लिही. लपवून ठेवण्यासारखं काही आहे का त्यात?

आणि एक विचारू? तू एवढी कोरडी पत्रं कधी लिहीत नव्हतीस. काय झालंय?

तुझी,
नणंद

*

८ फेब्रुवारी

वन्सं,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. दोन वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं.

मागच्या वर्षीच्या आधीच्या पावसाळ्यात मला ताप आला होता, आठवतं? सातआठ दिवसांत उतरला. उतरला तेव्हा तोंडाला चव नव्हती, म्हटलं येईल. नाकाला वास नव्हता, म्हटलं येईल. डॉक्टरही म्हणाले, येईल. दीड वर्ष झालं, वन्सं. काहीही आलेलं नाही. मीठ आणि साखर मला आता हाताला कळतात, जिभेला नाही. कांदा चिरला तर डोळ्यांत पाणी येतं, पण नाकापर्यंत काही पोचत नाही. जेवते म्हणजे मऊ, टणक, गरम, गार एवढंच चावते.

मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. सांगून काय होणार? ज्या बाईच्या हाताला चव आहे म्हणून चार घरं नावाजतात, तिच्या जिभेला ती उरली नाही, हे तोंडाने कसं म्हणायचं? मी सगळं मोजून करायला लागले. मिठाला एक चमचा ठरवला, साखरेला एक वाटी. पानावर बसले की ह्यांच्या तोंडाकडे बघत राहते. ते म्हणतात, "ठीक आहे." मला वाटलं निभावतंय.

मग त्याच वर्षी डिसेंबरात साली केल्या. तीन पाणी टाकली, मोजून. पण संत्रं मोजून कडू नसतं. कधी दोन पाण्यांत कडूपणा निघतो, कधी चार लागतात. मी नेहमी ते पाणी चमच्यात घेऊन चाखायचे आणि ठरवायचे. त्या वेळी चाखलं, काही कळलं नाही, म्हटलं तीन झाली, पुरे. तुला डबा पाठवला आणि तुझं कार्ड आलं.

तुझी चूक नाही. तू खरं तेच लिहिलंस, आणि खरं सांगणारी तू एकटीच निघालीस. पण ते कार्ड हातात घेऊन मी स्वयंपाकघरात बसले आणि मला कळलं की सहा महिने मी या घराला काय वाढतेय याचा मलाच पत्ता नाही. तेव्हा ठरवलं, जेवण करावंच लागतं म्हणून करायचं, पण ज्यात माझं म्हणून काही होतं ते आता नाही. पातेलं माळ्यावर टाकून दिलं.

हे ह्यांना कळता कामा नये. आधीच तपासण्या सुरू आहेत.

तू विचारलंस कळतं कसं. कडूपणा जिभेला कळायचा, तो आता नाही सांगता येत, तो तुझा तू बघ. बाकीचं सांगते. साखर घालायच्या आधी साल पूर्ण मऊ व्हायला हवी. टाचणीचं डोकं, टोक नव्हे, डोकं, आरपार गेलं पाहिजे. एकदा साखर लागली की साल पुढे मऊ होत नाही, जशी असेल तशी कायमची राहते, म्हणून तुझं चामडं झालं. पाकाचं कानाला कळतं. पहिल्या दिवशी बारीक, घाईघाईचा आवाज येतो. चौथ्या दिवशी बुडबुडे मोठे होतात, सावकाश फुटतात, दोन बुडबुड्यांच्या मध्ये तुला श्वास घेता येईल इतकं अंतर पडतं. तेव्हा बंद करायचं.

हे लिहिताना लक्षात आलं, एवढं मला अजून येतं की.

वहिनी

*

१७ फेब्रुवारी

वहिनी,

ते कार्ड माझ्या हातून गेलं याबद्दल मी काय लिहू? माफ कर म्हणते, पण ते पुरत नाही. मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून नुसती बसून राहिले. दीड वर्ष तू एकटीने हे गिळलंस, आणि मी इथून पोस्टमनला छळत होते.

आता काय झालं ते ऐक. मी परत केल्या. तीन पाणी टाकली, चाखलं, कडू होतं, चौथं टाकलं. टाचणीचं डोकं आरपार जाईपर्यंत थांबले. मग पाक. तू लिहिलेला घाईघाईचा आवाज पहिल्या दिवशी अगदी तसाच आला, मी पत्र हातात धरून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी साली कडेकडेने बदलायला लागल्या. तिसऱ्या दिवशी एक फाक चिमट्याने उचलून खिडकीसमोर धरली. वहिनी, तिच्यातून पलीकडचं दिसत होतं. जाड, पांढरी, गादीसारखी साल होती ती, तिच्यातून समोरच्या घराची गच्ची दिसली, गच्चीवरची दोरी दिसली, दोरीवरचा टॉवेल दिसला. सगळं नारिंगी उजेडात. मी पाक तसाच ठेवून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मी पंचवीस वर्षं कागदाशी झटतेय, जुनं पान उजेडासमोर धरून त्याच्या आतला धागा बघते, पण माझ्या हातून एखादी गोष्ट अशी आरपार झालेली मी कधी बघितली नव्हती. आणि तू हे दर वर्षी करायचीस आणि "त्यात सांगण्यासारखं काही नाही" म्हणतेस.

चौथ्या दिवशी बुडबुडे सावकाश झाले. मी श्वास घेतला, सोडला, मग दुसरा बुडबुडा फुटला. बंद केलं.

आणि इथे मी माती खाल्ली. तू लिहिलं होतंस जाळीवर वाळवायच्या. पण दुकानात कुठलीही ओली वस्तू दिसली की माझे हात आपोआप तिला टीपकागदात घालून शिकंज्यात ठेवतात. पान असो, पुठ्ठा असो, ओलं म्हणजे दाबाखाली. मी तुझ्याच विचारात होते, कधी ठेवल्या आणि चाक फिरवून शिकंजा आवळला कळलंही नाही. सकाळी उघडून बघते तर पंचवीस सालींचा एक अखंड नारिंगी कागद झालेला, आणि टीपकागद त्याला असा बसलेला की दोन्ही एकच. खळीने इतकं घट्ट मला आजवर चिकटवता आलेलं नाही. त्यातला जरा स्वच्छ निघालेला तुकडा तुझ्या पत्रावर ठेवला, तर त्यातून तुझी अक्षरं वाचता आली. तो तुकडा सोबत पाठवतेय. खाऊ नकोस, त्यात टीपकागद आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्याच घरात एक जीभ आहे, जिच्या भरवशावर अख्खं गाव पाणी पितं. ती जीभ रोज तुझ्यासमोर जेवायला बसते. तिला विचार.

तुझी,
नणंद

*

२३ फेब्रुवारी

वन्सं,

टीपकागदाचं वाचून मी हसले. मोठ्याने. हे बाहेरच्या खोलीतून बघायला आले.

पण ते जमणार नाही. त्यांना सांगायचं म्हणजे दीड वर्ष फसवलं हेही सांगायचं. आणि सांगितलंच तरी ते काय सांगणार? "ठीक आहे" म्हणणार. त्यावर मी किती पाणी टाकू?

तुकडा खिडकीच्या काचेला लावून ठेवलाय. सकाळी त्यावर ऊन येतं. हे तिथे उभे राहून बघत होते. काय आहे ते विचारलं नाही.

वहिनी

*

१ मार्च

वहिनी,

मी दादाला काही लिहिणार नाही, तुला शब्द देते. पण एक सांगून ठेवते. मी लहान असताना आमच्या विहिरीचं पाणी पिऊन दादाने ओंजळ खाली केली आणि बाबांना म्हणाला, "यात काहीतरी मेलंय." कुणालाच काही लागलं नव्हतं. गळ टाकला तर तळातून कबुतर निघालं. त्यानंतर तो घरात तसं काही बोललेला मला आठवत नाही, कारण त्यानंतर विहिरीवरून घरात महिनाभर भांडण चाललं होतं. बोललं की काय होतं ते त्याने लहानपणीच बघितलंय. तो गप्प असतो म्हणजे त्याला कळत नाही, असं धरून चालू नकोस.

संत्र्यांचा हंगाम पंधरा दिवसांत संपेल. ट्रकवाल्याला विचारून आले.

तुझी,
नणंद

*

१९ मार्च

वन्सं,

कुठून सुरू करू तेच कळत नाही. सरळ जसं झालं तसं लिहिते.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी ह्यांच्याकडे बघत होते. रविवारी पिशवी घेऊन गेले आणि डझनभर संत्री आणली, हंगामातली शेवटची. साली काढल्या. माळ्यावरून पातेलं काढायला स्टूल घेतलं तर हे म्हणाले, "मी देतो." खाली काढून, पुसून ओट्यावर ठेवलं. मग मी म्हटलं, "अहो, मला चव कळत नाही. वासही नाही. त्या तापापासून."

ते म्हणाले, "माहीत आहे."

मी स्टुलावर बसले. म्हणाले, "तापानंतर चारेक दिवसांनी दुधाला आंबूस वास लागला होता, फाटलं नव्हतं. तू पातेल्याशी नाक नेऊन वास घेतलास आणि तेच चहात घातलंस. तेव्हा कळलं." मी विचारलं, "आणि तुम्ही तो चहा?" म्हणाले, "प्यायलो. तू समोर बसली होतीस."

वन्सं, त्या दिवसापासून हे माझ्याआधी उठून दूध बघतात. त्या दिवसापासून गॅसची बटणं बघतात, कारण गॅस सुटला तर मला वास येणार नाही. मी त्याला खूळ म्हटलं, तुला लिहून कळवलं. दीड वर्ष एक माणूस माझ्या नाकाचं काम करत होता आणि मी त्याच्यावर चिडत होते. मी म्हटलं, "बोलला का नाहीत?" म्हणाले, "तू सांगत नव्हतीस. म्हटलं, सांगायची नसेल इच्छा."

मग कामाला लागलो. मी विचार केला होता, चमचा पुढे करेन, ते कडू आहे की नाही ते सांगतील. तसं झालं नाही. त्यांनी आधी साध्या पाण्याने चूळ भरली. कपाटातून चार सारखे पेले काढले. आधी मूठभरच साली उकळायला लावल्या. पहिलं पाणी निघालं, त्यातलं थोडं एका पेल्यात गार करायला ठेवलं, पेल्याखाली चिठ्ठी. दुसरं, तिसरं, चौथं, तसंच. मग मला म्हणाले, "मी पाठ करतो, तू अदलाबदल कर." मी केली. डोळे मिटून एकेक घोट तोंडात फिरवला, मोरीत थुंकला, मध्ये चूळ भरली, आणि बिनचूक सांगितलं, हे तिसरं, हे पहिलं, हे चौथं, हे दुसरं. मी पुन्हा अदलाबदल केली, पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा मी लबाडी केली, दोन पेल्यांत एकच पाणी ओतलं. ते म्हणाले, "ही दोन्ही एकच आहेत. थट्टा करू नकोस." इतकी वर्षं मी या माणसाला वाढतेय, वन्सं.

मी विचारलं, "कडू म्हणजे नक्की किती? मला समजेल असं सांगा." त्यांनी माझा हात धरला, नळाचं गार पाणी सोडलं, बोटं त्याखाली धरली आणि म्हणाले, "पहिलं पाणी असं. जीभ मागे ओढावीशी वाटते." नळ बारीक केला. "दुसरं असं. लागतं, पण नकोसं वाटत नाही." मग नळ बंद केला आणि ओली बोटं वाऱ्यावर धरली. "तिसरं असं. होतं एवढंच कळतं." चौथ्याला म्हणाले, "चौथ्यात काही नाही. संत्रंही नाही." हे सगळं तो माणूस बोलत होता, ज्याने मला एकतीस वर्षांत दोन शब्दांवर तिसरा दिला नव्हता. मी ऐकत होते आणि रडत होते, त्यांना वाटलं पाणी फार गार आहे.

म्हटलं, "तर मग तिसऱ्या पाण्यावर थांबू. नेहमीसारखं."

हे काही बोलले नाहीत. पण जरा जास्तच वेळ काही बोलले नाहीत. मला आता ते ओळखता यायला लागलंय. मी विचारलं, "काय?"

म्हणाले, "काही नाही. ठीक आहे."

"ठीक आहे नको. तुम्हाला कशा आवडतात?"

त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, "दुसऱ्या पाण्याच्या. मागच्या वर्षीच्या तेवढ्याच कडसर राहिल्या होत्या, फार आवडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तशा झाल्या होत्या."

वन्सं, घरातला डबा मागच्या वर्षी पंधरा दिवसांत संपला होता. मला वाटलं होतं, बिचारे माझ्यासाठी कडू गिळतायत. ते आवडीने खात होते. ज्या सालींपायी मी पातेलं माळ्यावर टाकलं, त्या ह्यांच्या जन्मातल्या सगळ्यात चांगल्या होत्या. मी म्हटलं, "मग एकतीस वर्षं का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तू 'कसं झालंय' विचारायचीस. ते चांगलंच झालेलं असायचं. 'तुम्हाला कसं आवडतं' असं आज विचारलंस."

त्याच दिवशी आणखी अर्धा डझन आणली. दोन पातेली लावली, एक तिसऱ्या पाण्याचं, एक दुसऱ्या. चार दिवस मी आवाज ऐकत होते आणि हे शेजारी खुर्ची टाकून बसत होते. कामावर उशीर झाला एक दिवस, गावाला अर्धा तास उशिरा पाणी सुटलं. शेवटच्या दिवशी बुडबुडे सावकाश झाले तेव्हा मी गॅस बंद केला आणि तेव्हाच हे म्हणाले, "झालं ना?" त्यांनाही ऐकू यायला लागलं होतं. साली जाळीवर वाळवल्या. शिकंजा आमच्याकडे नाही, देवाची कृपा.

वाळल्यावर मी एक खाल्ली. मऊ, मग कडेला जराशी चिवट, वर साखरेची खरखर. चव नाही. मला वाईट वाटलं नाही असं नाही म्हणत. पण समोर हे त्यांच्या डब्यातली खात होते आणि मी विचारलं, "काय लागतंय?" त्यांनी खाणं थांबवून सांगितलं, सगळं, सुरुवातीपासून गिळेपर्यंत. एका सालीला एवढं सांगण्यासारखं असतं हे मला माहीत नव्हतं, माझी जीभ शाबूत होती तेव्हाही माहीत नव्हतं. मी परत करणार, वन्सं. दर वर्षी करणार. पुढच्या हंगामात मोसंबीच्याही करून बघू म्हणतात.

सोबतच्या डब्यात तुझ्या, तिसऱ्या पाण्याच्या. चिकटपट्टी ह्यांनी लावलीय, म्हणून सरळ आहे.

आता मी रोज एक गोष्ट विचारते. भाजीत मीठ किती हवं, भात मोकळा हवा की मऊ, पाव भाजून की तसाच. एकतीस वर्षांचं विचारायचं राहिलंय, घाई करून उपयोग नाही. काल सकाळी कप हातात देता देता विचारलं, "चहात साखर किती आवडते?"

म्हणाले, "मला चहा आवडत नाही."

तुझी,
वहिनी